कोरा रकाना, आणि त्या यादीतले शब्द

प्रश्न थोडक्यात असा आहे. बाईंचं वय २९, लग्नाला तीन वर्षं झाली, सांगलीत मार्केट यार्डाच्या मागच्या बाजूला राहतात, घरात सासू-सासरे आहेत. महिन्यापूर्वी नवऱ्याने धीर करून सांगितलं, की त्याला ‘बीडीएसएम’मध्ये, म्हणजे बांधणं, हुकमत आणि वेदना यांच्या ठरवून केलेल्या शृंगारात रस आहे आणि तो ‘स्विच, पण जास्त करून सब’ आहे. मग नेटवरून छापून आणलेला एक कागद पुढे केला. दोघांसाठी दोन रकाने, प्रत्येक ओळीपुढे ‘हो’, ‘नाही’, ‘कदाचित’. त्याने आपला रकाना भरलाय, बाईंचा कोरा आहे. निम्मे शब्द कळत नाहीत आणि विचारायचं कुणाला, हा प्रश्न. त्यांना तीन गोष्टी हव्यात: या शब्दांचे अर्थ, हा आजार आहे का, आणि त्या कागदाचं काय करायचं.

ताई, आजाराचं आधी उरकते. तो काटा मनात असेपर्यंत बाकीचं डोक्यात शिरणार नाही. हा आजार नाही. दोन सज्ञान माणसांनी एकमेकांच्या संमतीने केलेल्या आणि कुणाला त्रास न होणाऱ्या गोष्टीला आजचं वैद्यक रोग मानत नाही. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३च्या निदान-नियमावलीत वेगळी आवड आणि विकार असे दोन कप्पे सरळ वेगळे केले गेले. जागतिक आरोग्य संघटनेची नवी रोगसूची १ जानेवारी २०२२पासून लागू झाली, तिच्यातून संमतीचा सॅडोमॅसोकिझम, म्हणजे वेदना देण्या-घेण्यातलं सुख, वगळला आहे. ठेवलं आहे ते समोरच्याच्या संमतीविना त्याला यातना देणं. फरक काय तो तिथेच आहे.

हे मला मात्र उशिरा कळलं. मी सांगलीत दवाखाना सुरू केला त्याला आता चोवीस वर्षं होतील. सुरुवातीच्या दिवसांत एक शिक्षक आले होते, घाम पुसत पुसत बोलत होते. मी केसपेपरवर पुस्तकात शिकलेला शब्द लिहिला. टेबलाच्या पलीकडून त्यांना तो उलटा वाचता आला. पुढच्या तारखेला ते आले नाहीत, त्यानंतरही कधी आले नाहीत. एक शब्द लिहून मी माणूस घालवला. म्हणून या विषयातल्या शब्दांकडे मी जरा जास्तच बारकाईने बघते.

तो ‘सॅडोमॅसोकिझम’ शब्द तरी कुठून आला? मार्की द साद हा फ्रेंच उमराव (१७४०-१८१४) आणि लिओपोल्ड फॉन झाखर-माझोख हा ऑस्ट्रियाचा लेखक (१८३६-१८९५), या दोघांच्या नावांवरून. क्राफ्ट-एबिंग या मनोविकारतज्ज्ञाचा ग्रंथ १८८६ साली आला, आणि त्याने हे दोन्ही शब्द वैद्यकाच्या कोशात बसवले. माझोख बिचारा तेव्हा हयात होता. जिवंतपणी आपल्या आडनावाचा रोग झालेला बघणं कुणाच्या नशिबी येऊ नये.

आणि ‘हे सगळं बाहेरचं खूळ’ असं कुणी म्हणालं तर त्याला वात्स्यायन दाखवा. नखांचे व्रण, दातांचे व्रण, प्रहणन म्हणजे शृंगारातले फटके आणि त्यावर उमटणारे सीत्कार, यांवर कामसूत्रात प्रकरणंच्या प्रकरणं आहेत. मला त्यातली सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती धोक्याची सूचना. कुंतल देशाच्या शातकर्णी सातवाहनाने अशाच एका प्रहाराच्या भरात मलयवती राणीचा जीव घेतला, असं तिथे लिहिलं आहे. चोल राजाकडून चित्रसेना नावाची गणिका गेली, आणखी एकाच्या हातून नटीचा डोळा गेला. असले प्रकार करू नयेत, असं वात्स्यायन स्वच्छ बजावतो. म्हणजे मजकुराबरोबर ‘जपून’ हा शब्दही तेव्हापासूनच आहे.

आता तुमचा कागद. बीडीएसएम ही चार अक्षरं दिसतात, पण आत सहा शब्द आहेत, तीन जोड्या. बाँडेज आणि डिसिप्लिन, म्हणजे बांधणं आणि शिस्त. डॉमिनन्स आणि सबमिशन, म्हणजे हुकमत आणि शरणागती. सॅडिझम आणि मॅसोकिझम, म्हणजे वेदना देण्यातलं आणि घेण्यातलं सुख. एक जोडी आवडणाऱ्याला बाकीच्या दोन आवडतीलच असं नाही. तुमच्या नवऱ्याने ‘फटके’ या ओळीपुढे ‘नाही’ लिहिलंय आणि ‘सब’पुढे ‘हो’, यात तुम्हाला विसंगती वाटली. ती नाही. दिवसभर कचेरीत निर्णय घेऊन दमलेल्या माणसाला घरी कुणीतरी ‘बस इथे, हलू नकोस’ म्हणावं एवढंच हवं असू शकतं.

डॉम म्हणजे सूत्रं हातात घेणारा किंवा घेणारी. बाईसाठी इंग्रजीत स्पेलिंग वेगळं करतात, उच्चार तोच. सब म्हणजे सूत्रं सोपवणारा. स्विच म्हणजे कधी हे, कधी ते. टॉप आणि बॉटम हे शब्द जरा कोरडे आहेत: टॉप म्हणजे त्या वेळी करणारा, बॉटम म्हणजे करून घेणारा. त्यात हुकमत असेलच असं नाही. डॉमने सबकडून पाय चेपून घेतले तर हात चालतायत सबचे, पण सत्ता डॉमची. इंग्रजीत लिहिताना डॉमचं पहिलं अक्षर मोठं आणि सबचं लहान काढायचा रिवाज आहे. आपल्या देवनागरीत लहान-मोठं अक्षरच नाही, त्यामुळे मराठीत दोघं एकाच उंचीचे राहतात. मला ते बरं वाटतं.

‘व्हॅनिला’ म्हणजे ज्याला यातलं काही नको तो, किंवा साधा, नेहमीचा शृंगार. ही शिवी नाही. कुणी तुच्छतेने वापरला तर तो दोष त्या माणसाचा. ‘किंक’ म्हणजे नळीला पडलेला पीळ. बागेत पाणी घालताना पाइप मुडपतो ना, तोच शब्द. सरळ रस्ता सोडून घेतलेलं वळण. ‘फेटिश’ त्याहून नेमका आहे: एखादी वस्तू, कापड किंवा अवयव यावरच मन अडून राहणं. लोक दोन्ही शब्द सरसकट वापरतात, तुम्ही गोंधळलात यात नवल नाही. ‘सीन’ म्हणजे ठरवून सुरू केलेला आणि ठरवून संपणारा खेळ. आपल्याकडे ‘सीन करू नकोस’ म्हणजे तमाशा करू नकोस, त्यामुळे नवरा ‘आपण एक सीन करू’ म्हणाला तेव्हा तुम्ही दचकलात ते साहजिकच. ‘प्ले’ म्हणजेही तेच, खेळ.

इथपर्यंतचे शब्द कुठेही सापडतील. मला खरं बोलायचंय ते थांबण्याच्या शब्दांबद्दल. या मंडळींचा कोश नीट चाळला तर चाबूक-बेड्यांपेक्षा विचारण्याचे, थांबण्याचे आणि नंतर सांभाळण्याचे शब्दच जास्त भरतील. ज्याला फक्त सुरू करायचे शब्द येतात, त्याला यातलं काही येत नाही असं मी धरून चालते.

नेगोसिएशन म्हणजे आधीची बोलणी. आपल्याकडे लग्नाची बोलणी मानपानापासून अक्षतांपर्यंत करतात आणि पुढचं सगळं देवावर सोडतात. इथे उलट आहे. काय करायचं, काय नाही, किती वेळ, आधीची दुखणी कोणती, दमा आहे का, पाठ धरते का, हे कपडे अंगात असताना, चहा घेत बोलायचं. हार्ड लिमिट म्हणजे ‘हे नाही, विचारूही नका’. सॉफ्ट लिमिट म्हणजे ‘आज नाही, पण विश्वास बसला तर बघू’. हार्ड लिमिटचं कारण द्यावं लागत नाही. कुणी कारण मागत बसला तर तो बोलणी करत नाही, घासाघीस करतोय.

सेफवर्ड म्हणजे थांबण्याचा ठरलेला शब्द. तो कानावर पडला की सगळं थांबतं, त्या क्षणी, वाद न घालता. मग ‘नको’ म्हटलं की पुरत नाही का, असं तुम्हीच लिहिलंय. ताई, आपल्या मराठीत ‘नको’ किती परींनी म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे. पंगतीत आग्रह होताना पानावर हात आडवा धरून म्हटलेलं ‘नको’ वेगळं, लाडातलं ‘नको ना’ वेगळं, आणि खरंखुरं ‘नको’ वेगळं. एरवी कुणाच्याही ‘नको’वर तिथल्या तिथे थांबायचं, यात दुमत नाही. पण जिथे दोघांनी मिळून लटकं ‘नको’ खेळात घ्यायचं ठरवलंय, तिथे खऱ्या ‘नको’साठी दुसरा शब्द लागतो. आणि ज्यांनी असं काही ठरवलेलं नाही त्यांच्यासाठी ‘नको’ हाच सेफवर्ड.

माझ्याकडे येणाऱ्या एका जोडप्याने (ओळख पटू नये एवढे तपशील बदलून सांगते) ‘हळद’ हा शब्द घेतला होता. निवड चांगली होती: दोन-तीन अक्षरी, दमछाक झाली तरी तोंडातून निघणारा, शय्येवर एरवी न येणारा. अडचण एवढीच, की नवरा हळदीच्या अडत दुकानात. हंगामात रात्री साडेअकरालासुद्धा फोन: ‘हळद किती आली? राजापुरी का?’ बायको म्हणाली, ‘डॉक्टर, यांचं फोनवर बोलणं ऐकलं की मी जिथल्या तिथे थांबते, भाजी परततानासुद्धा.’ शेवटी ‘कंदील’ ठरला. त्याआधी ‘भडंग’ सुचला होता, पण तो उच्चारला की दोघांनाही हसू आवरत नव्हतं. हसणं वाईट नाही म्हणा, पण थांबायच्या शब्दाने गांभीर्य आलं पाहिजे.

शब्द सुचत नसेल तर सिग्नलचे रंग घ्या, जगभर तेच चालतात. ‘हिरवा’ म्हणजे चालू दे. ‘पिवळा’ म्हणजे हळू, किंवा हे बदल. ‘लाल’ म्हणजे बंद. मला पिवळा सगळ्यांत उपयोगी वाटतो. ‘लाल’ म्हणायला माणूस कचरतो, समोरच्याचा विरस होईल म्हणून दम काढतो. ‘पिवळा’ सहज म्हटला जातो. तोंड मोकळं नसेल तर हातात किल्ल्यांचा जुडगा धरायचा, पडला की थांबायचं. आणि सेफवर्ड डॉमलाही असतो, हे बरेच जण विसरतात. हुकूम सोडणाऱ्यालाही मधेच घाबरायला होतं.

आफ्टरकेअर. याला मी मराठी शब्द शोधत राहिले, शेवटी ‘विचारपूस’वर थांबले. खेळ संपल्यावर पांघरूण, पाणी, जवळ घेणं, कुणाला गप्प बसून राहायचं असतं तर कुणाला बडबडायचं असतं. दुसऱ्या दिवशी ‘बरी आहेस ना?’ हेही त्यातच. कारण नंतर ‘ड्रॉप’ येऊ शकतो. लग्नघरातला मांडव उतरल्यावर, पाहुणे गेल्यावर संध्याकाळी कसं रिकामं रिकामं वाटतं? तसंच. कधी लगेच, कधी एक-दोन दिवसांनी उगीच रडू येतं, चिडचिड होते. अंगात उसळलेली रसायनं ओसरतात म्हणून, असा त्याचा खुलासा देतात. डॉमलाही होतो, त्याला ‘टॉप ड्रॉप’ म्हणतात. तुमच्या घरात सहाला सासूबाई चहाला हाक मारतात, असं लिहिलंय. मग वेळ त्या हिशेबाने धरा. अर्धवट विचारपूस करून ओट्यापाशी जाऊन उभं राहणं फार जड जातं, हे मला तीन-चार जणींनी तरी सांगितलंय. ‘सबस्पेस’ हा याच्या उलट टोकाचा शब्द: ऐन खेळात सबला लागणारी तंद्री. त्या तंद्रीत दुखल्याचं कळत नाही आणि माणूस कशालाही ‘हो’ म्हणतो. म्हणून आधी न ठरलेली गोष्ट मधेच विचारायची नाही, त्या वेळचा ‘हो’ धरायचा नाही.

यादीतले ‘एसएससी’ आणि ‘रॅक’ हे दोन नियमांचे संक्षेप आहेत. पहिला म्हणजे सेफ, सेन, कन्सेन्शुअल: सुरक्षित, भानावर राहून, संमतीने. १९८०च्या दशकात न्यूयॉर्कच्या समलिंगी पुरुषांच्या गटातून तो आला. पुढे काहींनी म्हटलं, पूर्ण सुरक्षित असं जगात काय आहे? मग ‘रॅक’ आला: धोका काय आहे ते ओळखून, संमतीने. मला दुसरा जास्त प्रामाणिक वाटतो. ‘सुरक्षित’ म्हटलं की माणूस निवांत होतो.

कशाने निवांत होऊ नये ते सांगते. ‘शिबारी’ म्हणजे जपानी पद्धतीने दोरीने बांधणं; त्या शब्दाचा अर्थच बांधणं. बांधणारा तो ‘रिगर’, बांधून घेणारी किंवा घेणारा ‘रोप बनी’. फोटोंत ते फार देखणं दिसतं. काही वर्षांपूर्वी मिरजेच्या एका मेंदू व मज्जासंस्थेच्या डॉक्टरांनी माझ्याकडे एक पोरगा पाठवला होता. उजवं मनगट लुळं, पंजा खाली लोंबतोय, बोटं सरळ होत नाहीत. घरी सांगितलेलं, हातावर डोकं ठेवून झोपलो होतो. दंडावर मात्र समांतर दोन फिकट रेघा होत्या. दोरी गुरं बांधायची, नायलॉनची, गोठ्यातली. ती घसरते, गाठ आवळत जाते आणि ओढाताणीत सुटता सुटत नाही. दंडाच्या मागच्या बाजूने जाणारी नस हाडाला चिकटून वळते, तिथे ती दाबली गेली. सुदैवाने दोन महिन्यांत हात आला. तेव्हा: दोरी आणि अंग यांत दोन बोटं गेली पाहिजेत, मुंग्या आल्या की लगेच सोडायचं, पट्टी कापायची बोथट टोकाची कात्री हाताशी हवी, आणि बांधलेल्या माणसाला एकटं सोडून खोलीबाहेर पाऊल टाकायचं नाही, दाराची बेल वाजली तरी. सुरुवात करायचीच तर ओढणीने, मनगटावर सैल, एवढ्यावर थांबा.

‘एज प्ले’ म्हणजे कड्याच्या टोकावरचे प्रकार. त्यांत ‘ब्रेथ प्ले’, म्हणजे श्वास किंवा गळा दाबणं, येतं. त्या ओळीवर दोघांच्याही रकान्यात काट मारा. हे सुरक्षितपणे करायची रीतच नाही. गळ्यावरच्या दाबाने काही सेकंदांत शुद्ध जाते, आणि शुद्ध गेलेल्याला सेफवर्ड म्हणता येत नाही. सिनेमात दाखवतात म्हणून आता कोवळी पोरं हे सहज करायला लागली आहेत, ते मला अजिबात सहज घेता येत नाही.

‘सीएनसी’ पुढे नवऱ्याने ‘कदाचित’ लिहिलंय. याचा अर्थ, विरोधाचं नाटक आधी ठरवून खेळणं. आत संमती, वर नकार. त्यात सेफवर्ड नसेल तर ती सरळ जबरदस्ती. नवशिक्यांनी या वाटेला जाऊ नये, तुमचं ‘नाही’ इथे बिनधास्त लिहा.

बाकीचे भराभर. ‘ब्रॅट’ म्हणजे मुद्दाम उलट उत्तरं देऊन खोडी काढणारा सब. ‘कॉलर’ म्हणजे गळ्यातला पट्टा किंवा साखळी, नात्याची खूण. काहींसाठी ती मंगळसूत्राइतकी गंभीर असते. ‘चोवीस-सात’ म्हणजे हे नातं फक्त शय्येपुरतं न ठेवता दिवसभर पाळणं. ‘मंच’ वाचून तुम्हाला व्यासपीठ वाटलं, तसं नाही; इंग्रजीत खाण्याच्या चघळण्याला मंच म्हणतात. साध्या कपड्यांत, हॉटेलात, चहा-खाण्याबरोबर ओळखी करून घ्यायची बैठक. कॅलिफोर्नियात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ही पद्धत निघाली. पुण्या-मुंबईकडे असल्या बैठका होतात. सांगलीत हॉटेलात बसलं की शेजारच्या टेबलावर मावसभाऊ निघतो, त्यामुळे इथलं सगळं फोनवर चालतं.

आणि फोनवर जे चालतं त्यातले दोन-तीन वाक्प्रयोग ओळखून ठेवा. ‘खरी सब असशील तर सेफवर्ड कशाला लागेल’, ‘खऱ्या सबला लिमिट नसतात’: हे म्हणणाऱ्याला डॉम म्हणत नाहीत, त्याला या मंडळींतही कुणी जवळ करत नाही. ‘फिनडॉम’ म्हणजे पैसे देण्यातून शरणागती. काहींची ती खरी आवड असते, पण त्या नावाखाली लुबाडणारेही भरपूर आहेत. आधी गोड बोलून फोटो मागायचे आणि मग घरच्यांना पाठवीन म्हणून पैसे उकळायचे, अशा जाळ्यात सापडलेले तरुण माझ्याकडे येतात, आणि बदनामीला भिऊन आधीच दोनदा पैसे भरून आलेले असतात. पैसे देऊ नका, चॅट पुसू नका, सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर, १९३०वर, फोन करा. नवऱ्याने हे सगळं बाहेर कुठे न शोधता तुमच्यापुढे कागद ठेवला, ही गोष्ट माझ्या लेखी त्याच्या बाजूची आहे.

कागदाच्या तळाशी ‘करार’ आणि सह्यांची जागा आहे. खेळ म्हणून सही करायला हरकत नाही, कायद्यात त्याला दमडीचीही किंमत नाही. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २८प्रमाणे भीतीपोटी किंवा गैरसमजातून दिलेली संमती ही संमतीच नव्हे. आणि कलम २५ बघितलं तर जीव जाण्याइतकी किंवा गंभीर दुखापत जाणूनबुजून करायला संमतीची ढाल मिळत नाही. हाड मोडणं, दात पडणं हे गंभीर दुखापतीतच मोडतं. सही असो नसो, दिलेला होकार मधेच मागे घेता येतो.

आता तुमचा कोरा रकाना. तो एका बैठकीत भरायचा नाही. पेनाने तर नाहीच, पेन्सिल घ्या. ज्या ओळीचा अर्थ कळत नाही तिथे ‘कदाचित’ लिहू नका, प्रश्नचिन्ह करा. ‘कदाचित’ला लोक ‘हो’ समजतात. सगळ्या ओळींपुढे ‘नाही’ आलं तरी तो भरलेला रकानाच आहे, आणि नवऱ्याने तो वाचून गप्प बसायचं, रुसायचं नाही. एखाद-दुसरं ‘हो’ आलं तर तेवढंच, एका वेळी एक. त्याने ‘डोळ्यांवर पट्टी’पुढे दोनदा ‘हो’ लिहिलंय असं तुम्ही कळवलंत. तुम्हाला चालणार असेल तर घरातल्या मऊ ओढणीवर भागतं, बाजारातून काही आणायला नको. कागद फ्रिजवर लावू नका, सासूबाईंचं वाचन चांगलं आहे असं तुम्हीच म्हणता.

सेफवर्डपुढची जागा तुम्हा दोघांचीही रिकामी आहे. ती आधी भरा, बाकीच्या ओळी नंतर. आणि ‘हळद’ घेऊ नका, यार्डाच्या मागे राहता तुम्ही.